दादा मोकळा नसताना दिलेला पास

दादाला जर्मनीत नोकरी लागली, आणि आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात आईने मेतकुटाच्या, गोंगुऱ्याच्या लोणच्याच्या पिशव्या बांधायला घेतल्या. आम्हा भावंडांचं काम वेगळंच होतं. तो जायच्या आत फुटबॉलच्या गेममधला कप एकदा तरी जिंकायचा, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही दोघं एका संघात, समोर मशीन. कोठीच्या बाजारातून आणलेला तो जुना गेमचा डबा तापला की पंख्यासारखा घरघरायचा, आणि बाबा म्हणायचे, आता याचं विमान सुटणार.

कप आमच्या हातून दर वेळी जायचा तो माझ्यामुळे. चेंडू माझ्या पायाशी आला रे आला, की मी तो दादाच्या खेळाडूकडे ढकलायची. तो चौघांच्या गराड्यात असला तरी त्यालाच. माझं तरी काय चुकलं? आमच्याकडे पुरणपोळी पहिली दादाला, आंब्याची पहिली फोड दादाला, नवं वर्तमानपत्रसुद्धा बाबांनंतर दादालाच. हातालाच ते वळण लागलेलं. मशीनला हे दोन सामन्यांत कळलं असावं, कारण त्याचे खेळाडू दादाला चिकटूनच उभे राहायचे.

"कायकू सारखं मलाच देते गं?" दादा कावायचा. "मी मोकळा आहे का बघ की आधी! आणि पळायचं बटण सोड. पळता पळता पास दिला की चेंडू कुठल्या कुठे जातो. हल्लू दे."

हे त्याने किती वेळा सांगितलं असेल! पण पालथ्या घड्यावर पाणी. माझी नजर चेंडूवरून हलायचीच नाही.

शेवटी त्याला मंडळाच्या गणपतीची पंगत आठवली. दर वर्षी आम्ही दोघं तिथे वाढायला असतो. मी मसालेभात, तो वरण. मी पहिल्यांदा वाढायला उभी राहिले तेव्हा आईने सांगितलं होतं, पातेल्याकडे बघू नको, पानांकडे बघ. ज्याचं पान रिकामं दिसेल त्याच्याकडे जा.

"वाढायला उभी आहेस असं समज," दादा म्हणाला. "चेंडू यायच्या आधीच बघून ठेव, कुणाचं पान रिकामं आहे."

मी म्हटलं, वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पानावर बसलं तरी चालतं म्हणतात, मग मी तुला का नको वाढू? त्याने टपली मारली. पण त्या दिवसापासून पडद्यावर मला माणसं दिसायला लागली. जवळच्याला बटण हलकेच दाबायचं, लांबच्याला जरा दाबून धरायचं, हे मग आपोआप जमत गेलं.

जायच्या आदल्या दुपारी आम्ही अंतिम सामन्यात होतो. बैठकीत बंद बॅगा, त्यातल्याच एका बॅगेवर दादा बसलेला. बरोबरी, आणि वेळ संपत आलेली. चेंडू माझ्याकडे आला. दादाचा खेळाडू दोघांच्या मध्ये अडकला होता. अंगठा सवयीने त्याच्याकडे वळला, पण डाव्या टोकाला एकजण अगदी एकटा उभा होता, मशीनच चालवत असलेला आमचा खेळाडू. मी पळायचं बटण सोडलं आणि त्याला पास दिला. गोल!

दादाने बॅगेवर असा ढोल बडवला की आई आतून ओरडली, "लोणचं फुटेल रे!"

मग तो चष्मा पुसत म्हणाला, "बघ, आता माझ्याशिवाय जमतं तुला."

तो कौतुकाने म्हणाला होता. मला मात्र एकदम भरून आलं. हे शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असं वाटलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हटलं, चल, चहा करते.

आता रविवारी संध्याकाळी आम्ही इंटरनेटवर खेळतो. तिकडे त्याची दुपार असते. माझे पास चांगलेच सुधारलेत, माझ्या ऑफिसातली मुलं माझ्याशी खेळताना हात टेकतात. पण दादाबरोबर खेळताना तो दोघांच्या मध्ये अडकलेला दिसतो, डाव्या टोकाचा मोकळा दिसतो, सगळं कळतं, आणि तरी मी चेंडू दादालाच देते. आम्ही हरतो.

"अगं कायकू सारखं मलाच देते?" तो तिकडून ओरडतो. तेवढंच ऐकायचं असतं मला.