कुलूपबाईंचा फॉरमॅट

माझ्या आत्याने एकतीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. साधा वॉशर हवा असला तरी कागदावर सही घेतल्याशिवाय ती देत नसे, म्हणून कामगार तिला ‘कुलूपबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्या तोंडून भाषणात चुकून ‘आपल्या कुलूपबाई’ निघालं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तीच हसली.

बाबा तिचे धाकटे भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, पण जीभ वळत नाही. शब्दाऐवजी नुसता घोगरा आवाज निघतो आणि त्याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते तोंडच उघडत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला काही काम द्या. मी गेमचा कन्सोल आणला. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग आत्या आली. शेजारी बसून एक कंट्रोलर उचलला आणि म्हणाली, “बाळ्या, तुला जमणार नसेल तर राहू दे, मी एकटी खेळते.” बाबांनी डावा हात पुढे केला.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते पाच हे दोघं पडद्यावर एक बंदर चालवू लागले. बाबांकडे क्रेन, आत्याकडे गोदामं. एका वर्षात बंदर एवढं वाढलं की मला त्यातलं काही कळेनासं झालं.

एके दिवशी त्या गेमचा नवा भाग आला आणि कन्सोलने जागा नाही म्हणून हात वर केले. पडून असलेले तीन-चार गेम पुसले असते तर काम भागलं असतं. पण जागा कमी पडली तर रॅक वाढवायचा, माल फेकायचा नाही, हा आत्याचा धर्म. मी ऑफिसात होते. तिने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, बाहेरून डिस्क जोडा. माझ्या टेबलाच्या खणात एक डिस्क होती. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, आणि आत्याच्या स्टोअरमध्ये ज्या खोक्यावर चिठ्ठी नाही ते रिकामं धरत. तिने डिस्क जोडली. पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करायची का?

इथे एकतीस वर्षं आडवी आली. कारखान्यात फॉरमॅट म्हणजे छापील नमुना. साहेब ऊठसूट ओरडायचे, “सगळं फॉरमॅटमध्ये द्या!” आत्याला वाटलं, वा, या डब्यालाही शिस्त आहे म्हणायची. तिने ‘हो’ दाबलं. खाली बारीक अक्षरांत ‘डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल’ अशी सूचना होती, ती वाचली नाही. बारीक अक्षरं न वाचता सही करणाऱ्यांना तिनेच जन्मभर झापलं होतं.

डिस्कवर माझ्या लहानपणीचे व्हिडिओ होते. बाबा त्यांत कुठेच दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. ऐकू मात्र सगळीकडे येतात: “हलू नकोस गं. अगं, हलू नकोस म्हटलं ना!” त्यांचा धड आवाज जगात तेवढाच उरला होता. दुसरी प्रत काढायची माझी राहूनच गेली होती. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली आणि म्हणाला, “वर गेम बसलाय, ताई. खालचं गेलं.”

मी आत्याला नाही नाही ते बोलले. बाबांसमोर बोलले. “वय झालंय तुझं, कशाला हात लावत जाऊ नकोस,” इथपर्यंत गेले. तिने चपला घातल्या आणि गेली ती आलीच नाही. आठ दिवस, तीन वाजले की बाबा दोन्ही कंट्रोलर मांडीवर घेऊन बसायचे. कन्सोल सुरू करायचे नाहीत. बघून मला गलबलून यायचं, पण राग त्याहून मोठा होता. मी फोन केला नाही.

नवव्या दिवशी आत्या एक कागद घेऊन आली. स्टोअरमध्ये माल कमी भरला की भरायचा तो तुटीचा नमुना, हाताने रेघा मारून काढलेला. वस्तू: भावाचा आवाज. कारण: स्टोअरकीपरची चूक. खाली सहीची जागा, आणि माल माझा म्हणून सही माझी.

“तूट मंजूर झाल्याशिवाय स्टोअर परत उघडत नाहीत,” ती म्हणाली. “तू नाही केलीस सही, तरी तुझं चुकलं असं नाही. मग मी इथे बसणार नाही, एवढंच.”

मला रडू येत होतं, आणि तरी सही करायची इच्छा मुळीच नव्हती. मी पेन घेतलं नाही.

बाबांनी डाव्या हाताने कागद ओढला. वाचला. मग पेन घेऊन, बराच वेळ लावून, ‘भावाचा’ आणि ‘आवाज’ यांच्या मधे एक वाकडातिकडा शब्द घुसवला: जुना. कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी सही केली.

आत्याने डोळे पुसले, कंट्रोलर घेतला. नवा भाग सुरू झाला. दहा मिनिटांत तिने भलत्याच वेळी गोदामाचं दार लावलं आणि बाबांची क्रेन खोकं घेऊन अधांतरी लटकली. बाबा ओरडले. घोगरं, वेडंवाकडं, शब्द एकही नाही, पण अगदी पोटातून.

“ओरडतोस कशाला, बाळ्या?” आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “येतंय मला ऐकू.”