आकाराम पैलवानाचा खुराक

१७ नोव्हेंबर १९७६ रोजी आकाराम पैलवानाच्या पगारातून अकरा रुपये साठ पैसे कापले गेले. कारण, कामावर झोप. मी हिशेबनीस असलेल्या आमच्या साखर कारखान्यात तो बॉयलरवर होता. बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेवर नजर ठेवायची, हे त्याचे काम. त्यात चूक झाली तर बॉयलर फुटून माणसे मरतात. त्या दिवशी तो तिसऱ्यांदा स्टुलावर घोरताना सापडला. चीफ इंजिनियरांनी दंड केला आणि त्याला कामावरून बाजूला काढले. पुढच्या हंगामात बॉयलर पेटण्याआधी डॉक्टरचा दाखला आणला तर नोकरी, नाहीतर कायमचा घरी.

आकाराम खानापूर तालुक्यातला. तरुणपणी सातारा-सांगलीच्या जत्रांतून त्याने कुस्त्या मारल्या होत्या. नोकरी लागली तसा आखाडा सुटला, खुराक मात्र सुटला नाही. दारात म्हैस होती, आणि आई साळूबाई सकाळ-संध्याकाळ दुधाचा तांब्या घेऊन समोर उभी असायची. त्याची जाड मान कानापासून खांद्यापर्यंत सरळ खाली उतरली होती. दिवसा पेंग येऊ लागली तेव्हा सगळ्यांनी ठरवले की पैलवानाला अशक्तपणा आला. साळूबाईने दुधात तूप वाढवले. पेंगही वाढली.

आमच्या वसाहतीत त्याची आणि माझी खोली एका भिंतीला लागून. तो घोरू लागला की पोरे म्हणत, "पैलवानाचा बॉयलर पेटला!" घोरणारा माणूस सुखाने झोपतो, असेच मीही समजत होतो.

दंड झाला त्याच आठवड्यात त्याची बायको रंगूबाई आमच्या दारात आली.

"सायेब, ह्ये दिवसा झोपत्यात, कारन रातच्याला झोपतच न्हाईत."

"अहो, सगळी वसाहत ऐकते ना."

"घोरत्यात ते ऐकता तुमी. मधीच गप हुत्यात ते कोन ऐकतंय? श्वास बंद पडतो. मी कोपरानं ढोसते तवा परत चालू होतो. चार वर्सं झाली, ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसते मी."

मला बँकेच्या कामासाठी मिरजेला जायचे होते. कारखान्याच्या जीपमधून दोघांना बरोबर घेतले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाक, घसा, छाती, रक्तदाब सगळे तपासले. वजन कमी करा म्हणाले. "बाकी प्रकृती दणकट आहे. घोरण्यावर औषध नसतं, बाई." त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

रंगूबाई उठली नाही. "आवं डाक्टर, तुमी ह्यास्नी जागं बघितलं. रोग झोपंत हाय."

"मग काय झोपवू का त्यांना?"

"तुमी कशाला? बाकावर बसवलं की झोपत्यात."

आकाराम ओशाळला. "चल की गं. लोकं बघत्यात."

"बघू द्या. तुमी बसा गप."

व्हरांड्यातल्या बाकावर तो बसला. भर दुपारी, एवढ्या गर्दीत, थोड्याच वेळात त्याची मान मागे भिंतीला टेकली आणि घोरणे सुरू झाले. लोक हसू लागले. मग घोरणे एकदम थांबले. पोट वरखाली होत होते, पण आवाज नव्हता. रंगूबाईने आत जाऊन डॉक्टरांना हाताला धरून बाहेर आणले आणि त्यांचा हात नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"लागतोय वारा?"

वारा लागत नव्हता. आकारामचे ओठ काळसर दिसू लागले, आणि एकाएकी साऱ्या अंगाला हिसका बसून त्याने बुडता माणूस वर आल्यासारखा श्वास घेतला. पुन्हा घोरणे, पुन्हा शांतता. डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतले आणि बराच वेळ बघत बसले.

मग त्यांनी आम्हाला आत नेऊन समजावले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते. मान जाड असली की वाट पुरती बंद होते. जीव गुदमरला की शरीर स्वतःला जागे करते. असे रात्रभर चालते, म्हणून माणूस झोपूनही झोपेवाचून राहतो. हृदयावर ताण येतो तो वेगळाच. परदेशात यावर अलीकडे बरेच लिहून आले आहे, पण झोपेतला श्वास मोजायचे यंत्र आपल्याकडे नाही, असे ते म्हणाले. "आधी वजन उतरवा. दारू नको, झोपेची गोळी नको, उताणं झोपायचं नाही. नाहीच जमलं तर गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल."

नळीचे ऐकून आकाराम घाबरला, पण घरी आल्यावर दुधाचा तांब्या समोर येताच त्याने तो तोंडाला लावला. पुढच्या सोमवारी कवठे महांकाळचा नाथाजी नावाचा व्यापारी दारात आला आणि तिने म्हैस विकली.

साळूबाईने वसाहत डोक्यावर घेतली. "माझ्या लेकाचा खुराक तोडतीस व्हय गं?"

"व्हय. लेक पायजे का म्हैस पायजे, ते सांगा."

आकाराम म्हणाला, "पैलवानाच्या दारात म्हैस न्हाई, लोकं काय म्हनतील?"

"काय बी म्हनू देत. ऐकायला तुमी जित्तं असला म्हंजे झालं."

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. आणि रोज पहाटे कालव्याच्या कडेने चालणे. बनियनच्या पाठीला तिने कप्पा शिवला आणि त्यात मुलांचा चिंध्यांचा चेंडू घातला. उताणे झाले की तो पाठीत रुतायचा. वजन मी साखरेच्या गोदामातल्या काट्यावर करवून घेत असे. पहिल्या वेळी काटा एकशे बारा किलोवर गेला. हमाल म्हणाले, "पैलवान, क्विंटलचं पोतं भरून वर बारा किलो! शिलाई उसवायची गड्या!"

डिसेंबरात आकाराम गावाकडच्या एका जत्रेला गेला आणि जुन्या दोस्तांनी मटण-भाकरी घालून त्याला फुगवून परत पाठवला. पेंग परतली. रंगूबाईने भांडण केले नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच त्याच्याबरोबर कालव्यावर चालू लागली. ती पुढे, तो मागे. लोक हसत. पावसाळ्यातही खंड पडला नाही.

सप्टेंबर ७७ मध्ये काटा शहाऐंशीवर थांबला. मिरजेच्या बाकावर त्याला पुन्हा दुपारभर बसवले. झोप आली नाही म्हणून तो कंटाळून गेला. डॉक्टरांनी दाखला दिला, पण रोग मुळातून गेला असे लिहायला ते तयार झाले नाहीत. 'सध्या कामास योग्य, दर तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक' असे लिहिले.

चीफ इंजिनियरांनी तो वाचला आणि म्हणाले, "काच लगेच देणार नाही. दोन महिने भट्टीखालची राख ओढ. जागा राहिलास तर बघू."

"जागा ऱ्हातो सायेब," आकाराम म्हणाला.

तो राहिला. जानेवारीत त्याला काचेपुढचे स्टूल परत मिळाले. अजूनही तो घोरतो, पण सलग. भिंतीपलीकडे मला ते ऐकू येते. रंगूबाई आता आडवी होऊन झोपते.

म्हशीच्या किमतीपैकी चाळीस रुपये नाथाजीकडून अजून यायचे आहेत.