हात ढिला सोड, पोरी

‘आत्ताच तर बघितलं मी त्यांना...’ फोनवर माझ्या तोंडून एवढंच निघालं. औंढ्याला तालुक्याची बैठक चालू होती आणि नवाच घेतलेला मोबाइल वाजला म्हणून मी व्हरांड्यात आले होते. पलीकडून आमच्या शाळेतले गुरुजी सांगत होते, हमीदाआपा गेल्या. शाळेच्या फाट्यावर, दगडावर बसल्या बसल्या. बसची वाट बघत असल्यासारख्या दिसत होत्या, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही कळलंच नाही. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाईनं हाक मारली, खांद्याला हात लावला, तेव्हा... पुढं गुरुजी काय बोलले ते आठवत नाही. आत कपबश्या वाजत होत्या, नि मी खांब धरून तेच एक वाक्य घोळवत उभी होते. आज महिना होऊन गेला, पण माझं मन अजून त्या व्हरांड्यातून हललेलं नाही.

हमीदाआपा म्हणजे शिरड शहापूरच्या बांगड्यावाल्या. डोक्यावर टोपली घेऊन त्यांनी आसपासची सगळी गावं पायांखाली घातली होती. त्यांची माझी पहिली भेट याच फाट्यावर झाली. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीतच मोडत होतो. मी कळमनुरीची, बावीस वर्षांची, पिशवीत शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद. एसटी मला फाट्यावर टाकून निघून गेली आणि माझं अवसान गळालं. गाव तीन किलोमीटर आत, ओळखीचं चिटपाखरू नाही. आम्ही बौद्ध; आडनाव ऐकल्यावर खोली मिळेल की नाही हीच धास्ती. कागद फाडायचा आणि परतीच्या बसनं घरी जायचं, असं ठरवून मी दगडावर बसले आणि भर दुपारी हमसून हमसून रडले.

तेवढ्यात औंढ्याच्या बाजाराला निघालेली बस माझ्यापुढून गेली, थोड्या अंतरावर थांबली, आणि टोपली सावरत एक बाई उतरली. संक्रांतीच्या आधीचा बाजार. बांगड्यावालीची वर्षाची भाकरी त्या एका बाजारावर असते, हे मला पुढं कळलं. जवळ येऊन त्यांनी विचारलं, ‘‘काहून रडून राहिली गं?’’ मी सगळं सांगितलं. त्यांनी ना समजूत घातली, ना धीर दिला. फक्त रस्त्याकडं बोट दाखवलं.

‘‘कुठवर दिसून राहिलं तुला?’’

‘‘त्या बाभळीपर्यंत.’’

‘‘मग बाभळीपतुर चल. पुढचं बाभळीपाशी बघू.’’

अशा बाभळी मोजत आम्ही गावात शिरलो. आपांनी पहिल्याच मोठ्या घराच्या ओसरीवर टोपली उतरवली आणि बाया जमल्यावर सांगितलं, ‘‘तुमच्या लेकरायला मास्तरीण आणली. आधी तिला भरते.’’ बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एक सरकली, दुसरी सरकली, आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. माझा हात भीतीनं लाकडासारखा झाला होता. पहिली बांगडी फुटली, दुसरी फुटली. आपा म्हणाल्या, ‘‘हात ढिला सोड, पोरी. इकडं बघू नको. तू ताणलं की काच फुटती, हातबी कापतो.’’ मी मान वळवून सोडला एकदाचा हात. अंगठ्याचं हाड त्यांनी असं काही दाबलं, की डझनभर हिरव्या बांगड्या कधी चढल्या ते कळलंही नाही. त्याच घरात मला खोली मिळाली.

‘‘पण तुम्ही बाजार सोडून उतरलात कशाला?’’ मी नंतर विचारलं होतं. ‘‘हुकूम झाला,’’ त्या म्हणाल्या, जसं काही तहसीलमधून चिठ्ठी आली होती. यावरून आमची वर्षानुवर्षं जुंपायची. आमच्या घरात देव नाही, आणि माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हणायची, ‘‘आपा, तुमचा अल्ला कंडक्टरसारखा आहे. घंटी मारतो, पण गाडी कुठं चालली ते सांगत नाही.’’ त्या खळखळून हसायच्या. ‘‘कंडक्टरला ठावं हाय ना, बास. मला कशाला पायजे?’’ एकदा मी खोदून विचारलं, हा हुकूम कानात ऐकू येतो तरी कसा? ‘‘कानात न्हाई येत गं. पायात येतो. पाय उठत्यात. डोकं मागून भांडत बसतं.’’

त्यांचं अख्खं आयुष्यच तसं. नवरा गेला तेव्हा पदरात लहानगी मुलगी. भाऊ नांदेडहून जीप घेऊन न्यायला आले, पेटी जीपमध्ये चढली. आपांनी नमाज पढला, बाहेर आल्या आणि पेटी खाली उतरवून घेतली. भावांनी बोलणं टाकलं ते कायमचं. ‘‘इथंच ऱ्हा, एवढाच हुकूम झाला. काहून ते न्हाई सांगितलं.’’ मी विचारलं, ‘‘मग पुढं कळलं का?’’ ‘‘न्हाई अजून.’’ ‘‘तकलीफ नाही झाली?’’ ‘‘झाली की! हुकूम म्हंजे काय आराम असतो व्हय?’’ मला तेव्हा रागच आला होता. उत्तर न देणाऱ्याचं एवढं काय ऐकायचं?

आता त्या दिवसाचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण न सांगून जीव राहत नाही. हल्ली मी शिरड शहापूरलाच राहते; सकाळी तिथून औंढ्याच्या बसनं निघाले. फाट्यावर एक म्हातारा चढत होता म्हणून बस थांबली. खिडकीतून दिसलं, आपा दगडावर बसल्या आहेत. टोपली बाजूला, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हनुवटी गुडघ्यावर. मला वाटलं डुलकी लागली असेल. आणि माझे पाय उठले. खरंच उठले. दांड्याला धरून मी अर्धी उभी राहिले. कंडक्टरनं विचारलं, ‘‘मॅडम, उतरायचंय का?’’

मी घड्याळ बघितलं. बैठकीला उशीर म्हणजे चारचौघांत बोलणी. कशाला झोपमोड करायची म्हातारीची, संध्याकाळी भेटू... ‘‘नाही, चला,’’ मी म्हणाले. घंटी वाजली.

जीव नेमका केव्हा गेला, कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. त्यांच्या मुलीनं माझाच हात धरून मला समजावलं, ‘‘बाई, तुमी उतरला असता तरी काय केलं असतं?’’ कदाचित काहीच नाही. पण हात तर धरला असता! त्या माझ्यासाठी संक्रांतीचा बाजार सोडून उतरल्या होत्या, आणि मी एका बैठकीसाठी बसून राहिले. हे मला माझंच खरं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात औंढ्याहून परतताना तोच कंडक्टर होता. फाटा जवळ आला तसे पाय पुन्हा उठले. शाळा सुटून गेली होती, फाट्यावर माझं काहीएक काम नव्हतं. डोकं मागून भांडत होतंच. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, उतरायचंय का?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

बस गेली. दगड उन्हानं तापला होता, तरी बसले. हातात त्यांनीच भरलेल्या बांगड्या आहेत, दोन कमी झाल्यात. कशासाठी उतरले, मला माहीत नाही. तो रिकामा दगड माझ्याकडून काय मागत होता, तेही नाही. मी मान दुसरीकडं वळवली आणि हात ढिला सोडून बसून राहिले.