मोह पडतानाची पाच मिनिटं

माझं काम आवाज गोळा करण्याचं. धान झोडण्याचा, राजुऱ्याकडच्या खाणीतल्या सुरुंगाचा, आरमोरीच्या बाजारातल्या भांडणाचा आवाज टिपायचा, त्यावर माझ्या कविता म्हणायच्या आणि या सगळ्याला संगीत म्हणायचं. घरचे म्हणत, "याले काम ना धंदा." मी चिडायचो, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

त्या मार्चात मला मोहफूल पडण्याचा आवाज हवा होता. उजाडताना फुलं वाळल्या पानांवर टपटपतात. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, गावातल्या चौघींबरोबर मोह वेचायला जायची. मीही मागे लागलो. पण या बाया सारख्या हाका मारत. एकीने "हूऽ" केलं की दुसरीने "हूऽ" करायचं, मग तिसरीने. वाघाचं जंगल, त्यात वाकून वेचणारी झुडपाआड दिसत नाही. एकीची हाक आली नाही की बाकीच्यांनी धावायचं, अशी रीत. मला हे कोणी शिकवायला नको होतं, मी इथलाच. तरी चार दिवस रेकॉर्डिंग वाया गेल्यावर पाचव्या दिवशी मी वैतागलो. "पाच मिनिटं गप्प राहा ना. फक्त पाच."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी बाईच म्हणाली, "राहा वं, माह्या भावाचं काम हाये."

मी हेडफोन लावला. टप. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग टप, टप. मी डोळे मिटून घेतले. सांगायला लाज वाटते, पण इतका सुखी मी क्वचितच झालो असेन.

वेळ संपला तसा मी जवळच्या वेचणारीला हात केला. हाका सुरू झाल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवी आली नाही.

पुन्हा हाका मारल्या. तरी नाही. सगळ्यांत म्हातारीने टोपली टाकून काठी उचलली. काठ्या आपटत, बोंबलत आम्ही बाई वेचत होती त्या नाल्याकडे धावलो.

बाई काठावरच्या मोहाच्या झाडाला पाठ लावून उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. तिने बोट दाखवलं. वीस पावलांवर ओल्या रेतीत पंजे उमटले होते आणि त्यांत अजून पाणी झिरपत होतं.

"काऊन हाक नाई मारली?" मी तिच्यावरच ओरडलो. राग काढायला दुसरं कोण होतं.

तिने पदर काढला आणि कुजबुजत विचारलं, "झाले का तुहे पाच मिनिटं?"

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात वाघ नाही, बाई नाही, नुसती फुलं पडतात. ऐकणारे म्हणतात, किती शांत वाटतं. तेवढा वेळ मी बाहेर जाऊन उभा राहतो.