सोनीचं बोट जात्यात गेलं नव्हतं

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. पोरापुढं नाही, देवापुढं तर नाहीच — तिथं बोलून काय, देव काय उठून कुणाला सांगणार आहे? तुम्हाला सांगतो. कीव करायची असेल तर इथंच थांबा.

हौसा, माझी बायको. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. निमगाव केतकीला, घराच्या ओट्यावर, दिवस मावळताना. ती म्हणाली, "अवं, दाणं फोडताय का खाताय?" मी म्हणालो, "दोन्ही." ती हसली. सकाळी उठली नाही.

एवढं सांगायला सोपं आहे, म्हणून आधी सांगितलं. बायको गेलेला म्हातारा — लोक चहा देतात, पाठीवर हात ठेवतात. त्या हाताची चीड येते मला.

त्याच्या आधी काही वर्षांची गोष्ट. नव्वद सालानंतरचा एक उन्हाळा. पोरगा बारामतीला कंपनीत. नातीला, सोनीला, आमच्याकडं ठेवलेली. पाच वर्षांची व्हायची होती. जूनला तिचं नाव बारामतीच्या शाळेत घालायचं होतं, आणि पोरगा म्हणायचा की तिथं घेतानाच पोरांना पाटीवर अक्षर काढायला लावतात. सोनीला तर पेन्सिल धरता येत नव्हती. मुठीत धरायची, खुरपं धरावं तशी. रेघ ओढली की पेन्सिल मोडायची, नाहीतर गळून पडायची.

हौसा कधी शाळेची पायरी चढली नव्हती. तिनं पाटी उचलून फळीवर ठेवली आणि पोरीला गव्हले वळायला बसवलं. लग्नात लागतात ते — भिजवलेल्या रव्याची बारीक वात घ्यायची आणि दोन बोटांच्या चिमटीत तांदळाएवढे दाणे तोडायचे. आमची मेंढरं कधीच विकली होती, पण पोत्यात लोकर राहिलेली, ती पिंजायला दिली. हौसा दळायला बसली की सोनीनं चिमटीनं दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. मी म्हणायचो, हे काय चालवलंय? तर मला म्हणायची, "कोकरू पायावर उभं राहायच्या आदी कळपामागं पळवत व्हता का तुमी? बोटांत जीव येऊ द्या. अक्षर कुठं पळून चाललंय?"

जीव येत होता. फ्रॉकची बटणं पोरगी आपली आपण लावायला लागली होती. मला ते दिसत होतं — हेच तर सांगायचंय. दिसत होतं, आणि तरी.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर गावातला नामदेवराव भेटला. त्याचा नातू 'कमळ' लिहितो हे सगळ्या बाजाराला सांगत फिरत होता. मला बघून म्हणाला, "आबा, तुमची नात गव्हलं वळती म्हणं? मग शाळा कशाला, सोयरीकच बघा की!" टपरी हसली. मीही हसलो. दुसरीत शाळा सुटलेला माणूस मी. सही करायची म्हटलं तर अजून एकेक अक्षर जुळवत बसतो, मागचे लोक वाकून बघतात. ते सगळं त्या हसण्यात वर आलं. पण ही सबब नाही. त्याच्या तोंडावर मला काही बोलता आलं नाही — आणि एवढ्याशा पोरीवर जोर चालला.

हौसा बाजारातच होती. मी घरी आलो, शेजारी ठेवलेल्या सोनीला आणलं, पाटी काढली, तिला मांडीवर घेतलं. पेन्सिल तिच्या बोटांत कोंबली आणि वरनं माझी मूठ आवळली. मेंढरं कातरून कातरून दगड झालेली मूठ. ती म्हणाली, "आबा, दुखतंय." मी म्हणालो, "काढ." ती रडायला लागली. मी आणखी आवळली. का? रडते म्हणजे ऐकत नाही, एवढंच डोक्यात. पाटीवर रेघ उमटली — आणि मुठीत काहीतरी वाळल्या काटकीसारखं मोडलं.

हौसा दारात आली. तिनं विचारायच्या आधी मीच बोललो. "तुझ्या जात्यात बोट घातलं पोरीनं." तिनं जात्याकडं बघितलंच नाही. माझ्या हाताकडं बघितलं.

इंदापूरला डॉक्टरनं प्लास्टर घातलं, तिथंही जातंच सांगितलं. एसटीत सोनीच्या कानाशी मी घोकत राहिलो — कुणी विचारलं तर आजीच्या जात्यात गेलं म्हणायचं. शहाणी पोर, तसंच म्हणाली. आता तिला तेच खरं वाटतं.

सून आली. "आत्या, एवढ्याशा लेकराला जात्यापाशी बसवलंच कसं तुमी?" हौसा माझ्याकडं बघत राहिली. मी तंबाखू मळत होतो. मग ती म्हणाली, "चुकलं बाई."

पोरीला घेऊन गेले ते गेले. सणाला यायचे, पण सून सोनीला आजीच्या मांडीवरनं उठवायची. बोट वाकडंच बसलं. सोनी लिहिते, पण पेन्सिल भलत्याच बोटांत धरून. आणि हौसाच्या हातात तो हात पुन्हा कुणी दिला नाही.

तिनं मला एकदाच विचारलं. "सांगाल का कदी त्यास्नी?" मी म्हणालो, "सांगतो की. दिवाळीला येतील तवा." दिवाळ्या आल्या आणि गेल्या. मला तिचाही राग येतो. का गप्प बसलीस? माझ्या नावानं बोंब का मारली नाहीस? — बघा, अजून मी तिच्यावरच ढकलतोय.

हौसा उठली नाही त्या सकाळी पोरगा-सून आले, सोनीला घेऊन. हौसाला न्हाऊ घालून अंगणात ठेवलेली. सून पायावर डोकं ठेवून रडली. "आत्या, पोरीच्या बोटाचं आमी मनात ठेवलं न्हाय हो. सुखानं जावा." पोरानं सोनीला पुढं केलं. "आजीला सांग, आता दुखत न्हाय." तिनं सांगितलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. बोलायचं तर आताच होतं. याहून दुसरी वेळ कुठली?

मी पुढं झालो. म्हणालो, "तिच्याकडनं चूक झाली. म्या बी माफ केलं तिला."

मागनं कुणीतरी म्हणालं, "लई मोठ्या मनाचा माणूस." मी ते ऐकून घेतलं.