चाकं टेकल्यावरचा नमस्कार

खंडोजी,
तुझे शर्ट देऊन टाकणार आहे, कुणाला विचारणार नाही. तेराव्याला आलेले लोक म्हणाले, नशीब. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. विमान नशिबानं पडत नाही रे. तुझे हात कुठं होते, ते मला ठाऊक आहे.

इतकं लिहून श्यामलाअक्कानं पेन ठेवलं. गेलेल्या धाकट्या भावाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे फिजिक्स शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

खंडोजीचा बंगळुरातल्या पीण्या भागात लेथचा लहानसा कारखाना. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून रात्रीचं जेवण जयनगरला अक्काकडे. पन्नाशी उलटल्यावर त्यानं विमान शिकायचं काढलं.

"या वयात लोक गुडघे बदलतात," अक्का म्हणाली.

"तेही बदलीन. आधी हे."

पहिल्यांदा एकट्यानं उतरताना तो इतका घाबरला, की कुळाच्या खंडोबाला बोलून बसला: चाकं टेकली की पहिला नमस्कार तुला. चाकं टेकली, त्यानं दांडा सोडून हात जोडले. मग दर खेपेला तेच. पुढं दोन मित्रांबरोबर त्यानं जुनं दोन आसनांचं विमान घेतलं. हवेत शहाणं, जमिनीवर द्वाड. धावताना जरा ढिलाई झाली की शेपूट फिरवणारं.

त्याला शिकवणारा मकरंद एकदा अक्काकडे जेवायला आला तो कावलेलाच.

"अण्णा, चाकं टेकली म्हणजे उतरलात असं नाही. उभं राहीपर्यंत ते उडतंच असतं. नमस्कार मागाहून करा."

"देवाला थांब म्हणू?"

"म्हणा की. त्याला कुठं ट्रॅफिकमधून व्हाइटफील्डला पोचायचंय? थांबेल स्वल्प."

खंडोजी हसला, पण नंतर नुसता भात चिवडत राहिला.

काही महिन्यांनी एका रविवारी वारा आडवा होता. धावपट्टीशी मकरंद उभा होता. चाकं टेकली आणि विमानानं उसळी घेतली. तेवढ्यात एक पंख वर गेला, दुसरा जमिनीत रुतला, विमान उलटलं. अक्कानं विचारलं, म्हणूनच मकरंदनं सांगितलं.

"हात जोडलेले होते?"

"हो, अक्का."

"दोन्ही?"

मकरंदनं होकाराची मान हलवली. अक्कानं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्वतः मात्र ताट वाढून घेतलं नाही.

कारण मकरंदचं म्हणणं खंडोजीला पटलं होतं. मकरंद कावला होता त्याच रात्री, तो घरी गेल्यावर, भांडी पुसता पुसता खंडोजी म्हणाला होता, "अक्का, पण शब्द दिलाय. तो मी आपला आपण कसा मोडू? तू थोरली, तू बरोबर हवीस. मैलारला आपल्या खंडोबाच्या देवळात जाऊन कौल लावू. त्यानं उजवं फूल दिलं, की नमस्कार विमान थांबल्यावर."

"एवढ्यासाठी मैलार?"

"फोनवर विचारता येत नाही ना."

"सरी, बरं," ती म्हणाली, "जाऊ. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे."

ऑपरेशन झालं. मग कारखान्यात मोठं काम आलं, म्हणून तो थांबला. मग ऊन फार म्हणून ती. मैलारला जाणं राहिलं.