नीना पेत्रिव्ना घरी नव्हत्या

एका माणसाला दुसऱ्या माणसासमोर आपलं अस्तित्व सिद्ध करावं लागलं की किस्से आपोआप साचू लागतात. त्यातून सिद्ध करणारा युक्रेनचा, तपासणारा आयर्लंडचा आणि मधल्या खुर्चीत बसलेली बाई पुण्याची असेल, तर ते साचत नाहीत, तुंबतात. माझे इतके तुंबले आहेत की आता थोडे सोडून देणं भाग आहे.

मी एका औषध कारखान्यात कागदपत्रं तपासते. इथल्या मेनूथ विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली ती याचसाठी का, असा प्रश्न माझा नवरा अधूनमधून विचारतो. शुक्रवारी आम्ही दुपारीच सुटतो. ल्यूकनमध्ये आमच्या घराजवळच्या चर्चला लागून एक हॉल आहे. तिथे युक्रेनहून आलेल्या लोकांना सरकारी भत्त्यांचे अर्ज भरायला मदत करतात. हे केंद्र चालवते ब्रीजेट, निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुला फॉर्म भरायला आवडतात का, लव्ह?"

मी खरं ते सांगितलं. आवडतात.

ब्रीजेटने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. असं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नसावं.

*

आमची दुभाषी ओक्साना. युक्रेनमधल्या पोल्टावाच्या नगरपालिकेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिचा एकाच गोष्टीवर विश्वास: गोल शिक्का. ब्रीजेटने कुणाला ओळखीचं पत्र लिहून दिलं की ओक्साना ते उजेडात धरायची, उलटून बघायची आणि विचारायची, "शिक्का कुठे आहे?"

"शिक्का लागत नाही. मी सही केली आहे ना."

"सही तर कुणीही करतं."

मला ओक्सानाचं पटत होतं. साक्षांकित प्रतींसाठी ज्याने पुण्यात राजपत्रित अधिकारी शोधले आहेत, त्याला शिक्क्याची महती समजावावी लागत नाही. शेवटी कंटाळून ब्रीजेटने घरच्या कपाटातून, म्हणजे तिच्या भाषेत 'प्रेस'मधून, शाळेतला जुना शिक्का शोधून आणला. त्यावर एक हसरी मधमाशी होती आणि तिच्याभोवती लिहिलं होतं, 'छान प्रयत्न'.

ओक्सानाने तो तळहातावर उमटवून पाहिला. मधमाशीकडे बराच वेळ बघितलं.

"गोल आहे," ती म्हणाली. "चालेल."

त्यानंतर आमच्या केंद्रातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पत्रावर मधमाशी आहे. सरकारने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

*

स्तेपान नावाचा ट्रक ड्रायव्हर होता. तो रिकाम्या हाताने यायचाच नाही. कामाआधी टेबलावर काहीतरी ठेवायचं, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. चॉकलेटं झाली, केक झाला. एकदा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला, स्वतः धुरी दिलेला अख्खा मासा ब्रीजेटपुढे ठेवला.

"हे घेता येत नाही," ब्रीजेट म्हणाली. "इथे अर्ज मंजूर व्हायला काही द्यावं लागत नाही."

स्तेपानच्या चेहऱ्यावर अशी काळजी पसरली, की मासा कमी पडला असंच त्याला वाटलं असावं. मग तडजोड झाली: भेट परत करायची नाही, पण चर्चच्या रविवारच्या सोडतीत बक्षीस म्हणून ठेवायची. स्तेपाननेही सौजन्य म्हणून एक तिकीट घेतलं.

मासा त्यालाच लागला.

पुढच्या शुक्रवारी तो ओक्सानामार्फत म्हणाला, "मला इथली पद्धत समजली. आपली वस्तू द्यायची, कागद घ्यायचा, थांबायचं आणि नशीब असेल तर आपलीच वस्तू परत मिळते."

इतका अचूक सारांश कोणत्याही सरकारी पत्रकात मी वाचलेला नाही.

*

युक्रेनच्या माणसाला 'कसे आहात' असं विचारलं, की तो सांगतो. हा मोठाच दोष आहे. इथे तो प्रश्न नसतोच, नुसता दरवाजा उघडल्याचा आवाज असतो. फोनवर कारकून सवयीने 'कसे आहात' म्हणायचा आणि समोरचा आपल्या पित्ताशयापासून सुरुवात करायचा. म्हणून ब्रीजेटने वर्गच घेतला. काहीही झालेलं असो, उत्तर एकच: "ग्रँड," म्हणजे अगदी मजेत.

सगळे छान शिकले. स्तेपान तर इतका छान शिकला, की पाठीच्या दुखण्यासाठीच्या भत्त्याची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा कण्हत आत गेला, भिंतीला धरून उभा राहिला आणि डॉक्टरांनी विचारल्याबरोबर म्हणाला, "ग्रँड."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. अपील मी लिहिलं. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत अवघड मसुदा होता, कारण त्यात एका राष्ट्राची सभ्यता दुसऱ्या राष्ट्राच्या मणक्याविरुद्ध उभी होती.

*

आता नीना पेत्रिव्ना. खार्किवमध्ये त्या शाळेच्या गायकवृंदाला शिकवत. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, मत ठाम. इथे आल्यापासून सरकारने त्यांना या हॉटेलातून त्या हॉटेलात, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात इतकं फिरवलं होतं, की त्या बॅग पूर्ण रिकामी करेनाशा झाल्या होत्या. मग ल्यूकनमधल्या मिसेस नूनन या विधवा बाईंनी त्यांना घरातली एक खोली दिली. त्या खोलीत मिस्टर नूनन गेल्यापासून बंद असलेला पियानो होता. नीना पेत्रिव्नांनी तो उघडला आणि त्याच संध्याकाळी बॅगही उघडली.

आणि मग इन्स्पेक्टर आला. भत्ता घेणारा माणूस दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो का, हे पाहणं त्याचं काम. त्याने सकाळी बेल वाजवली. नीना पेत्रिव्ना घरी नव्हत्या. पुन्हा दुसऱ्या आठवड्यात आला, नव्हत्या. मग आणखी एकदा. मिसेस नूननांना ऐकू कमी येतं. त्यांनी प्रत्येक वेळी त्याला गॅसवाला समजून मीटर दाखवला.

पत्र आलं. बाई थंडीपासूनच देशाबाहेर राहत असाव्यात असा संशय आहे. भत्ता थांबवण्यात येत आहे. त्या इथे राहतात याचा पुरावा द्या. पुरावा नसेल तर या पत्त्यावरची त्यांची नोंदही रद्द होणार होती. म्हणजे भत्ता गेला, खोली गेली आणि बॅग उचलून पुन्हा पश्चिमेकडच्या एखाद्या निर्वासित केंद्रात.

"सकाळी सकाळी तुम्ही असता कुठे?" मी विचारलं.

ओक्सानाने विचारलं, उत्तर ऐकलं, पुन्हा विचारलं.

"म्हणते, अंत्ययात्रांना."

*

हे समजायला आयर्लंड थोडं समजावं लागतं. इथे मृत्यूच्या बातम्या रोज इंटरनेटवर येतात आणि माणसं हवामानाच्या आधी त्या वाचतात. गेलेल्याला तुम्ही ओळखत असायलाच हवं असं नाही. त्याच्या शेजाऱ्याच्या मेहुण्याला ओळखत असाल तरी जायचं असतं. चर्चमध्ये घरचे लोक पुढे असतात. आपण रांगेने जायचं, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहे. ते म्हणतात, "थँक यू फॉर कमिंग." मग सगळ्यांनी सूप आणि सँडविच खायचं.

मिसेस नूननांनी सोबत म्हणून नीना पेत्रिव्नांना एकदा नेलं. नीना पेत्रिव्नांनी त्यावरून स्वतःचा निष्कर्ष काढला.

"आमच्याकडे पूर्वी परेडला जावं लागायचं," त्या म्हणाल्या. "इथे याला जावं लागतं. मी एकही चुकवलेली नाही. आणि हे म्हणतात, मी इथे राहत नाही?"

"हे सक्तीचं नाही," मी म्हणाले.

त्यांनी ब्रीजेटकडे पाहिलं. ब्रीजेटने जरा विचार केला. "नाही म्हणजे... तसं नाही," ती म्हणाली.

*

त्या वेळी माझ्या सासूबाई बार्शीहून आमच्याकडे आल्या होत्या. घरी एकटीला करमत नाही म्हणून शुक्रवारी त्याही हॉलवर येत आणि हीटरला टेकून वाती वळत बसत. नीना पेत्रिव्नांशी त्यांची मैत्री होती. भाषा कोणतीच नव्हती, त्यामुळे मतभेदही नव्हते.

"मयताला जाती म्हनून तिचं पैसं बंद केलं व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं नाही हो आई. ती घरी नव्हती म्हणून."

"मयताला गेल्यावर मानूस घरी कसं आसंल?"

पुढच्या मंगळवारी मी कामावर असताना त्या नीना पेत्रिव्नांबरोबर एका अंत्ययात्रेला जाऊन आल्या, हे मला संध्याकाळी कळलं. घरात शिरल्या त्या थेट बाथरूममध्ये. डोक्यावरून आंघोळ करून, ओले केस टॉवेलात बांधून बाहेर आल्यावर अहवाल मिळाला.

"मानसं चांगली हायेत. पन मयतात हसत्यात गं. आन घरी येऊन आंघोळ न्हाई, काय न्हाई, तशीच टीव्ही लावत्यात."

"तुम्ही कुणाच्या मयताला गेला होतात?"

"मला काय म्हाईत? बाई व्हती कुनीतरी. चांगली व्हती म्हनत्यात."

*

मी मात्र काम पद्धतशीर करत होते. आमच्या कारखान्यात ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं. इन्स्पेक्टर ज्या ज्या सकाळी आला, त्या त्या सकाळी ल्यूकनमध्ये कुणाचा अंत्यविधी होता हे शोधून मी तक्ता केला. एकही सकाळ रिकामी निघाली नाही. परिशिष्टं जोडली. पानांना क्रमांक दिले. ओक्सानाने प्रत्येक पानावर मधमाशी उमटवली.

ब्रीजेटने फाइल चाळली. "सुंदर आहे, लव्ह. पण ती तिथे होती हे कोण सांगणार?"

हाच दोष होता. आमचे मुख्य साक्षीदार पुरलेले होते. आणि त्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी इतके हात हातात घेतले होते, की मी ज्यांना फोन केले त्या सगळ्यांनी प्रेमाने एकच उत्तर दिलं: असेलही.

*

ब्रीजेटने फोनवरून इन्स्पेक्टरला हॉलवर यायला राजी केलं. मिस्टर डॉइल. पन्नाशीचा, नीटनेटका, पेन्सिलीला टोक केलेलं. दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मला हा माणूस आवडला असता. मी फाइल पुढे सरकवली. त्याने ती उघडली नाही.

"डॉक्टर, मला कागद नकोत," तो म्हणाला. "थंडीत ही बाई इथे होती असं सांगणारं कुणी आहे का? घरमालकीण नको, तुमच्यापैकी कुणी नको. त्रयस्थ."

ओक्सानाने भाषांतर केलं. नीना पेत्रिव्ना त्याच्याकडे बघत राहिल्या. समोरचा मुलगा बेसूर गातो की नुसतेच ओठ हलवतो, हे पाहताना शिक्षिका बघेल तशा. मग त्या बोलू लागल्या आणि ओक्साना भाषांतर करायचं सोडून माझ्याकडे वळली.

"हे सांगू का?" तिने मला विचारलं.

"सगळं सांग."

"ती म्हणते, ते तुम्हीच. चर्चमध्ये घरच्यांच्या रांगेत टोकाला उभे होतात. दुसऱ्या टोकाला तुमच्यासारखाच दिसणारा एक होता. मध्ये सगळ्या मावश्या उभ्या केल्या होत्या. तुमचे हात फार गार होते. आणि शेवटच्या गाण्यात तुम्ही गायला नाहीत."

मिस्टर डॉइलने पेन्सिल खाली ठेवली.

"फेब्रुवारीत माझी आई गेली," तो म्हणाला. तो नीना पेत्रिव्नांकडे वळला. मग म्हणाला, "मागच्या बाकावरून खालच्या पट्टीत गाणारी. ती ही होय? वडिलांकडचे म्हणाले, आईच्या नात्यातली असेल. आईकडचे म्हणाले, वडिलांच्या. माझा भाऊ आणि मी बोलत नाही. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो: ती बाई कोण?"

माझ्या तक्त्यात ती सकाळ नव्हती. त्या सकाळी तो बेल वाजवायला आलेला नव्हता.

त्याने कागदावर लिहिलं: 'वास्तव्याची खात्री झाली. आधार: वैयक्तिक माहिती.' आमच्या कारखान्यात एवढ्यावर उत्पादन बंद पाडलं असतं. मी माझी फाइल मागे ओढली. ओक्सानाने शिक्का पुढे केला. त्याने मधमाशीकडे पाहिलं आणि उमटवू दिली.

तो निघायला उठला तशा नीना पेत्रिव्नाही उठल्या. त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना येणारं एकमेव इंग्रजी वाक्य म्हटलं.

"सॉरी फॉर युअर ट्रबल."

"थँक यू फॉर कमिंग," मिस्टर डॉइल म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला.

हीटरजवळ सासूबाईंनी वळत असलेली वात खाली ठेवली.

"मृणाल," त्यांनी हळूच विचारलं, "आता परत आंघोळ करावी लागंल का गं?"